विचारल्याशिवाय नाही

मंगला गेल्याचं मला नशिराबादजवळ हायवेवर कळलं. भुसावळच्या कोर्टात तारीख होती, सकाळीच निघाले होते. पुढे ट्रक उलटला म्हणून वाहतूक अडवली होती. गाड्या थांबवणारा हवालदार माझ्या खिडकीशी आला. मला ओळखून आधी हसला आणि मग चेहरा पाडून म्हणाला, ''ताई, रावेरकडेच निघाल्या ना?'' मी म्हटलं, ''नाही, भुसावळला. का?'' तो घुटमळला. ''म्हणजे तुम्हाला माहीत नाही… विधी अधिकारी मॅडम गेल्या, पहाटे. आमच्या ग्रुपवर आलं आत्ताच.'' मागचे लोक हॉर्न वाजवत होते. त्याने मला गाडी बाजूला घ्यायला लावली, कुठूनतरी पाण्याची बाटली आणून दिली आणि पुन्हा रस्त्यात जाऊन उभा राहिला. त्या दिवशी मी कोर्टात गेलेच नाही. ज्युनिअरला तारीख घ्यायला सांगितली आणि सरळ रावेरजवळच्या तिच्या गावाची वाट धरली.

आता दीड-दोन महिने होत आले. ती काय काम करायची, हे तिच्या नातेवाइकांनाही नीट ठाऊक नव्हतं असं तेव्हा लक्षात आलं. पोलिसांची वकील म्हटलं, की चोरांना शिक्षा करवणारी असंच सगळ्यांना वाटतं. मंगलाचा चोरांशी काही संबंध नव्हता, तिचा संबंध पोलिसांशीच. त्यांच्या रजा, बदल्या, निलंबन, विभागीय चौकशा. एखाद्या शिपायाला शिक्षा झाली आणि तो खात्याविरुद्ध न्यायाधिकरणात गेला, की खात्याची बाजू कागदावर उभी करायची ती मंगलाने. आणि त्या शिपायाचं वकीलपत्र बहुतेक वेळा माझ्याकडे. जळगावच्या लॉ कॉलेजात एका बाकावर बसलेल्या आम्ही दोघी पुढे आयुष्यभर समोरासमोर राहिलो, त्या अशा. तिच्या वडिलांची गावी केळीची बाग होती. गाव सोडून तीस वर्षं झाली तरी माझ्याशी ती गावच्याच बोलीत बोलायची. तारीख संपवून चहा प्यायला गेलो की म्हणायची, ''तुह्याशी भांडाले मजा येते वं मले. बाकीचे वकील नुसते हातवारे करतात.''

नोकरी तिने जळगाव, धुळे अशी दोन्हीकडे केली. आता सांगते तो प्रसंग कुठला, ते लिहीत नाही, कारण त्यातली माणसं अजून तिथेच राहतात. एका हवालदाराने बसस्टँडबाहेर पेरूची हातगाडी लावणाऱ्या म्हाताऱ्याला मारलं. गाडी उलटवली, पेरू रस्ताभर झाले आणि कुणीतरी मोबाइलवर ते सगळं टिपलं. संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ गावभर. दुसऱ्या दिवशी मोर्चा निघाला, बाजारपेठ बंद झाली, पुढारी येऊन गेले. मोठे साहेब नवे होते, भल्या मनाचे होते, चिडलेही होते. त्यांनी मंगलाला बोलावलं आणि सांगितलं, आजच्या आज बडतर्फीचा आदेश तयार करा. चौकशी घेणं शक्यच नसेल तर ती न घेता काढून टाकण्याची एक तरतूद आहे, ती लावा.

मंगलाने तो व्हिडिओ पाहिला होता. हवालदाराबद्दल तिला तिळभर दया नव्हती, हे तिनेच मला नंतर सांगितलं. तरी तिने अभिप्राय लिहिला, की साक्षीदार गावात आहेत, हवालदार गावात आहे, चौकशी अधिकारी याच इमारतीत बसतात, मग चौकशी शक्य नाही असं म्हणता येणार नाही. साहेबांनी कागद परत पाठवला. तिने तोच पुन्हा वर पाठवला. मग साहेबांनी तिला समोर बोलावलं.

''मॅडम, तो माणूस दोषी आहे की नाही?''

''दिसतोय तर दोषीच, सर.''

''मग अडचण काय आहे?''

''त्याला विचारल्याशिवाय नाही, सर. आदेश तुम्ही काढू शकता, तो तुमचा अधिकार आहे. माझा अभिप्राय मात्र हाच राहील. आज त्याला असं काढलंत तर न्यायाधिकरण आदेश रद्द करेल आणि काही वर्षांनी तो गणवेश घालून परत येईल. आणि त्या दिवशी त्या म्हाताऱ्याला काय सांगायचं आपण?''

हे घडत होतं तेव्हा तिच्या स्वतःच्या नोकरीचा करार संपत आला होता. विधी अधिकाऱ्याचं पद कंत्राटी असतं, अकरा महिन्यांचं, मुदतवाढ मिळाली तर पुढे. हजारो पोलिसांच्या कायम नोकऱ्यांचे कागद हाताळणाऱ्या बाईची नोकरी अशी, हे तिच्या खात्यातल्याही फार थोड्यांना माहीत होतं. तिला अर्थात माहीत होतं.

साहेबांनी दोन दिवस तिच्याशी बोलणं टाकलं आणि मग चौकशी लावली. हवालदार माझ्याकडे आला. खरं सांगते, मी आतून खट्टू झाले होते. चौकशीशिवाय काढला असता, तर माझी केस पहिल्याच तारखेला जिंकल्यातच जमा होती!

चौकशीत त्या पेरूवाल्या आबांचा जबाब झाला. ते साक्रीकडच्या एका खेड्यातले, अहिराणीशिवाय दुसरं बोलायचे नाहीत. आधी तर यायलाच घाबरत होते, सुनेने समजावून आणलं. ते बोलत होते आणि लेखनिक सवयीने सरकारी मराठीत उतरवत होता, 'सदर कर्मचाऱ्याने मला सार्वजनिक ठिकाणी मारहाण केली.' त्या दिवसाचे कागद मंगलाकडे तपासायला गेले, तेव्हा तिने चौकशी अधिकाऱ्यांना विचारलं, हे वाक्य आबांचं आहे का? अधिकारी म्हणाले, अर्थ तोच आहे. ती म्हणाली, मग त्यांच्याच शब्दांत घ्या ना, तसं लिहायला कायद्याची हरकत नाही. आबांना पुन्हा बोलावलं. हवालदाराच्या वतीने उलटतपासणीची पुन्हा संधी दिली. आणि या वेळी कागदावर आलं ते असं, ''माले मारं त्यानं काही नई, भाऊ. बाजारमा मार खाई लिधा आसता. पन मनी सून उभी व्हती. तिन्हासमोर मारं.''

पहिल्या जबाबात सून कुठेच नव्हती.

हवालदाराचंही सगळं नोंदवलं गेलं. बंदोबस्तामागून बंदोबस्त, घरी अंथरुणाला खिळलेली आई, मागची सगळी सेवा स्वच्छ. त्याने मारलं हे त्याने शेवटी स्वतःच कबूल केलं. दोष सिद्ध झाला. शिक्षेबद्दल मत विचारलं गेलं तेव्हा मंगलाने लिहिलं, की बडतर्फीऐवजी सक्तीची सेवानिवृत्ती पुरेशी होईल. गणवेश जाईल, पेन्शन राहील, म्हातारीचं औषध थांबणार नाही. साहेबांनी ते मानलं. गावातले काही लोक म्हणाले, सोडला. पोलिसांतले काही म्हणाले, मारला. आणि मंगलाला मुदतवाढ मिळाली नाही. कुणी तिला बोलावलं नाही, कारण सांगितलं नाही. करार संपल्याच्या दुसऱ्या दिवशी तिच्या टेबलाचं कुलूप बदललेलं होतं, एवढंच.

मी तणतणत तिच्याकडे गेले. म्हटलं, मी लढते, एक पैसा घेणार नाही. ती भाकरी थापत होती. म्हणाली, ''कशावर लढशीन? करारात लिहेल हाये. खाली माही सही हाये.'' तव्यावरची भाकरी उलटली. मग म्हणाली, ''कारण नको होतं वं मले. नुसतं बलावून सांगतलं असतं तं…'' आणि तिचा आवाज फुटला. इतक्या वर्षांत मी तिला पहिल्यांदाच रडताना पाहत होते. मी तव्यावरची भाकरी काढून घेतली.

हवालदाराने शिक्षेला लगेच आव्हान दिलं होतं. ती माझी केस संभाजीनगरला न्यायाधिकरणापुढे उभी राहिली तेव्हा मंगला गावी बसून होती. खात्याचं उत्तर मात्र तिनेच नोकरी सुटण्याआधी तयार करून ठेवलेलं. मी तासभर बोलले असेन. चौकशीत खोट काढायला जागाच सापडत नव्हती, म्हणून शिक्षा जास्त आहे यावर जोर दिला. समोर बसलेले न्यायाधिकरणाचे सदस्य कागद चाळत ऐकत होते. एका पानावर थांबले. त्यांनी मला विचारलं, ''वकीलबाई, तिन्हासमोर म्हणजे तिच्यासमोरच ना?'' मी हो म्हटलं. ते पुन्हा ते वाक्य वाचत राहिले… मला तिथेच कळलं, की मी हरले.

परतताना मी घरी न जाता तिच्या गावी गेले. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा समोर ठेवून ती बसली. मी म्हटलं, ''जिंकलीस.'' तिने विचारलं, ''त्या आबांले कोनी कळवलं का?'' कुणीच कळवलं नव्हतं. कोण कळवणार, ते तर नुसते साक्षीदार! मंगलाने सुनेचा नंबर शोधला, फोन लावला. पलीकडून आबांचा आवाज मलाही ऐकू आला. ''बरं व्हयनं, माय,'' एवढंच म्हणाले आणि मग पाऊसपाण्याचं विचारू लागले.

पुढे साहेब बदलले, जाहिरात निघाली. मंगलाने नव्याने अर्ज केला, तरुण पोरापोरींच्या रांगेत बसून मुलाखत दिली आणि पुन्हा त्याच जागेवर रुजू झाली. झालं गेलं तिने कधी काढलं नाही. आजारपणाचंही कधी बोलली नाही. पोटात दुखतं म्हणायची, ॲसिडिटी म्हणायची. शेवटी शेवटी मुंबईला नेलं तेव्हा फार उशीर झाला होता. आमची शेवटची भेट दवाखान्यातली. माझ्या हातातली फाइल पाहून तिने क्षीण आवाजात विचारलं, ''ह्याच्यात नोटीस बराबर देल होती का आमच्या लोकायनं?'' मी खोटं सांगितलं, की दिली होती. ती समाधानाने डोळे मिटून पडली.

तेराव्यानंतर पेरूवाल्याला मारणारा तो हवालदार माझ्याकडे आला. आता शाळेची व्हॅन चालवतो. मला वाटलं, काही जुनं उकरून काढायला आलाय. तो म्हणाला, ''ताई, मी त्यांच्या गावी जाऊन आलो. लांबूनच. घरात शिरायचा धीर झाला नाही.'' मी विचारलं, राग नाही का? त्याने मान खाली घातली. ''होता. लई होता. पण सगळे व्हिडिओ बघून बोलत होते ना… त्यांच्यामुळे मला कुणीतरी विचारलं. म्हणून तर मी कबूल केलं.''

मागच्या आठवड्यात तिच्या भावाला घेऊन मी तिचं सामान आणायला ऑफिसात गेले. स्वेटर, डबा, चष्म्याचं घर, औषधाच्या अर्धवट पट्ट्या. नवा माणूस अजून नेमलेला नाही, तात्पुरता एक लिपिक तिथे बसतो. आम्ही पिशवी भरत होतो तेवढ्यात निलंबनातला एक तरुण शिपाई त्याच्या चौकशीचं विचारायला आला. पोलिसांची शिस्त अशी, की शिक्षेचा माणूस वरिष्ठांपुढे टाचा जुळवून उभा राहतो. तो तसाच उभा राहिला, नजर समोरच्या भिंतीवर. लिपिकाने कागदातून डोकं वर काढलं, टेबलापुढच्या खुर्चीवरची माझी पिशवी उचलून खाली ठेवली आणि म्हणाला, ''बस रे बाबा. या खोलीत उभं राहून कुणी बोलत नाही.''

शिपाई खुर्चीच्या अगदी कडेवर टेकला. मंगलाच्या भावाने माझ्याकडे पाहिलं. आम्ही पिशवी उचलली, आणि तो बोलायला लागायच्या आत दार ओढून घेऊन बाहेर आलो.