दोन दिवसांत हरकत आली नाही तर

आमच्या प्रोजेक्टच्या पानावर एक ओळ अजून आहे: 'नियम मोडल्यामुळे मर्जचा अधिकार काढून घेतला.' ती मी लिहिली. ती पूर्ण खरी नाही. खोटी आहे असंही ठामपणे म्हणता येईना, म्हणून इतकी वर्षं तशीच राहिली.

दुष्काळाची वर्षं होती. शहर शेंद्र्याकडे पसरत होतं. प्लॉट पडले, घरं उठली, नळ पोचले नाहीत. मी कारखान्याच्या कॉम्प्युटर विभागातून नुकताच निवृत्त झालो होतो. तीन तरुण आणि मी, आम्ही एक प्रोग्रॅम लिहायला घेतला. टँकर दिसला की कुणीतरी इंटरनेटच्या फोनवरून कळवायचं, मग वस्तीतल्या साध्या फोनवरही मेसेज जायचा. कोड सगळ्यांना खुला, फुकट.

नियम माझ्या सिडकोतल्या घरी ठरले. लिहिलेला कोड आधी सगळ्यांसमोर ठेवायचा. दोन दिवसांत हरकत आली नाही तर मर्ज करायचा, म्हणजे मुख्य प्रोग्रॅममध्ये मिसळायचा. नोकऱ्या सांभाळून कोण रोज 'ठीक आहे' लिहीत बसणार, म्हणून हे कलम मीच सुचवलं.

पुढे काही पोरं गंमत म्हणून खोटंच कळवू लागली. बायका हंडे घेऊन उन्हात ताटकळायच्या. मी कोड लिहिला: दोघांनी कळवल्याशिवाय मेसेज जाणार नाही.

आमच्या चौघांतली एक मुलगी शेंद्र्याच्या नव्या वस्तीत राहायची. रविवारी चहाला सगळे जमलो, तेव्हा तिला विचारलं, "पाहिलास का माझा कोड?"

"पाह्यला की, काका."

"मग?"

"तुमच्या कोडात मी काय चुका काढाव्या!" मग बशीत चहा ओतत म्हणाली, "पण आमच्याकडं नेटचा फोन माझा एकटीचाच हाय. दुसरं कोण कळवणार, म्हैस?"

"म्हशीला सिम घेऊन देऊ," गुलमंडीत दुकान असलेला मुलगा म्हणाला. सगळे हसले. मीही हसलो.

पानावर कुणी काही लिहिलं नाही. दोन दिवसांनी मी मर्ज केलं.

त्याच आठवड्यात तिच्या वस्तीत टँकर आला. तिनं कळवलं, मेसेज गेलाच नाही. रस्त्यालगतच्या घरांनी पाणी भरलं आणि टँकर निघून गेला. तिनं कुणालाही न विचारता प्रोग्रॅममधून माझ्या ओळी काढून टाकल्या. मी फोन केला.

"विचारायचं होतंस."

"दोन दिवस थांबले असते तर पुढचा टँकरबी गेला असता, काका."

"मग हरकत आधी का नाही घेतलीस?"

"घेतली की. तुमच्यासमोर बसून."

"ती लेखी नव्हती."

"लेखी पाहिजे असं कुठं ठरलं होतं?"

कुठंच ठरलं नव्हतं. त्या दिवशी मी नियमात 'लेखी' हा शब्द घातला आणि मग तिचा अधिकार काढला. बाकीचे दोघं काही बोलले नाहीत. मी ती संमती धरली. आता वाटतं, तेही तिच्यासारखेच माझ्या वयाकडे बघून गप्प बसले असतील. की खरंच पटलं होतं त्यांना? विचारायचं राहूनच गेलं. आणि तिनं नियम मोडला हेही खरंच ना? इथं येऊन माझं डोकं चालत नाही.

परवा नवी ओळ लिहिली: 'हरकत तिनं आधीच घेतली होती. लेखी ही अट मी नंतर घातली.' नियमाप्रमाणे सगळ्यांसमोर ठेवली, तिलाही वेगळी पाठवली. ती आता पुण्याला असते. तिनं वाचल्याची खूण आली, उत्तर आलं नाही. दोन दिवस सरले. नियमाने मर्ज करता आलं असतं. मी फोन लावला.

"वाचलंस?"

"वाचलं की, काका. तुमच्या लिहिण्यात मी काय चुका काढाव्या!"

या वेळी मी हसलो नाही. म्हटलं, "पण?"

ती म्हणाली, "पण त्या दिवशी वस्तीच्या आतल्या घरांना पाणी मिळालं नाही, हे कुठं लिहिलंय त्यात?"

ओळ पुन्हा लिहायला घेतली आहे.