कॅमशाफ्ट डब्यात घेऊन नाना पेठेला

"ओढू नकोस. फिरवत काढ," दातारकाका म्हणाले.

मी फिरवत काढला. कॅमशाफ्ट बाहेर आला. वीतभरही लांब नसलेला लोखंडी दांडा, त्यावर दोन उंचवटे. इंजिनाचे व्हॉल्व्ह हेच उंचवटे उघडतात. एक नीट होता. दुसरा झिजून सपाट, वर खड्डा.

"ही तुझ्या गाडीची टिकटिक. तीनदा गॅरेजात व्हॉल्व्हचे टॅपेट स्क्रू आवळून आलीस ना? दुखतोय दात, आणि तू टोपी बदलतेस."

काका माझे घरमालक. कारखान्याच्या टूलरूममधून निवृत्त होऊन सदाशिव पेठेत इतरांच्या चुका मोजतात. मोटरसायकल बाबांची, सत्त्याण्णव सालची. मला हिंजवडीत नोकरी लागली तेव्हा त्यांनी ती वर्ध्याहून रेल्वेने पाठवली. अट एकच: सांभाळता आली नाही, तर परत नेणार. बाबा रविवारी सकाळी येणार होते. "गाडीवरच घ्यायला येते," असं मी फोनवर सांगून बसले होते.

म्हणून शनिवारी, ऑफिसचे लोक नव्या मोटारी घेऊन ताम्हिणीला गेले तेव्हा, मी नाना पेठेला गेले.

जाऊ इच्छिणाऱ्यांनी लक्ष्मी रोडने पायी जावं. आपण वन-वेच्या उलट चालतो, पण पायांवर अजून पावती फाडत नाहीत. साधारण अर्धा तास. सामान: जेवणाच्या डब्यात कॅमशाफ्ट, पर्समध्ये बारीक मापं घ्यायचा काकांचा व्हर्नियर. तो देताना काका म्हणाले होते, "तू हरवलीस तरी चालेल."

नाना पेठेत सुट्या भागांच्या दुकानांची रांग आहे. तिसऱ्या दुकानातल्या मालकांनी मान वर न करता विचारलं, "जुनी की नवी?"

"जुनी."

"जुनी जुनी की नवी जुनी?"

मी आरसी बुक पुढे केलं.

"ताई, पत्रिका बघून शाफ्ट बसत नाही. नमुना आणलाय?"

मी डबा उघडला. त्यांनी आधी डब्याकडे, मग माझ्याकडे पाहिलं. शाफ्टची टोकं अंगठ्याने पुसली. "टोकांना बेअरिंग नाही. जुनी जुनी. मधे कंपनीने बेअरिंग घातलं, ती नवी जुनी. बुकात दोन्ही सत्त्याण्णवच."

तेवढ्यासाठी गेले होते असं आता वाटतं. त्यांनी नवा शाफ्ट काढला. मी दोन्हींचे उंचवटे व्हर्नियरने मापले.

"मापा, मापा. सोनंच घेताय."

"काहून? मापू नये का?"

त्यांनी प्रथमच नीट पाहिलं. "तिकडच्या का? मग मापाच." माप जुळलं. साडेचारशे रुपये. चहा त्यांच्याकडून, न विचारता.

दुपारी शाफ्ट बसवायला घेतला. इंजिनाच्या बाजूला फिरणाऱ्या मॅग्नेटच्या चाकावर दोन खुणा असतात, टी आणि एफ. मी दिवसभर कोड लिहिते. मला टी म्हणजे ट्रू वाटलं, एफ म्हणजे फॉल्स. मी टी इंजिनावरच्या खाचेसमोर आणला.

"टी म्हणजे पिस्टन टॉपला. एफ म्हणजे ठिणगी," काका म्हणाले. "उत्तर बरोबर, कारण चूक. अर्धे गुण."

मग शाफ्टच्या चक्रीवर साखळी चढवली, चक्रीची खूण इंजिनाच्या हेडवरच्या खुणेला जुळवली. काकांनी चष्म्यावरून पाहून मान डोलावली. मी किक मारली. किक उलटी आली आणि पोटरीवर बसली.

काकांनी चष्मा काढून पुसला. "एक दात पुढे गेलाय," ते म्हणाले. "माझे अर्धे गुण काप."

पुन्हा उघडलं. साखळी एक दात मागे घेतली. या वेळी दोघांनी दोन बाजूंनी पाहिलं. दुसऱ्या किकला गाडी सुरू झाली. टिकटिक नव्हती. काकूंनी आतून विचारलं, "बंद पडली का?"

जुना शाफ्ट आता काकांच्या वर्तमानपत्रावर असतो. पंखा लावला तरी पान उडत नाही. डबा मी चारदा घासला. भाजीला अजून थोडा ऑइलचा वास येतो.

रविवारी सकाळी रेल्वे पंचवीस मिनिटं उशिरा आली. बाबांनी बॅग खाली ठेवली, गाडी सुरू करायला लावली, वाकून ऐकलं. "टॅपेट जरा घट्ट आहे," म्हणाले, आणि बॅग मांडीवर घेऊन मागे बसले.