बाहेरून लाल, आतून पांढरा

सौदीतल्या यान्बू शहरातल्या एका सुपरमार्केटात मासळीचा काउंटर माझा होता आणि सौदीकरणाच्या, म्हणजे परदेशी माणसांच्या जागी सौदी नेमायच्या हुकमामुळे तो लवकरच माझा राहणार नव्हता. माझ्या जागी आलेला सौदी गृहस्थ कतीफचा, मच्छीमाराच्या घरातला, दोन मुलींचा बाप. त्याला शिकवायचं मी, आणि शिकवून झालं की निघायचंही मीच! मी त्याला 'या अखी' म्हणजे 'भावा' म्हणायचो, तो मला 'उस्ताद'.

त्याची उमेदवारीची मुदत संपत आली होती. मुदीरने, म्हणजे आमच्या मॅनेजरने, त्याला एक खरेदी स्वतःच्या हिमतीवर करायला सांगितली. माल बरा आला तर नोकरी पक्की, नाहीतर परत कतीफला. पठ्ठ्याने फ्रोजन सॅल्मन मागवले.

पेटी उघडली आणि आम्ही दोघं मागे सरकलो. सॅल्मन बाहेरून चंदेरी आणि आतून नारिंगी, एवढं आम्हालाही ठाऊक होतं. हा मासा बाहेरून शालूसारखा लाल, डोकं हिरवट, जबडा वाकडा. सुरी चालवली तर आत पांढुरका. मोजा उलटा करावा तसा कुणीतरी मासा उलटा केला होता.

"रंगवलाय!" मी जाहीर केलं. आमच्या रत्नागिरीकडे शिळ्या माशाचे कल्ले रंगवणारे महाभाग मी पाहिलेत. "अखी, तुला गंडवलं."

त्याचा चेहराच उतरला. "वल्लाह, उस्ताद, असले चोर आमच्या कतीफलाही आहेत."

मग दोन किनाऱ्यांच्या या दोन जाणकारांनी सिंकमध्ये त्या माशाला अंघोळ घातली. आधी लिंबू, मग व्हिनेगर, शेवटी भांड्यांचा साबण. मी घासतोय, तो पाणी ओततोय. फडकं पांढरंच राहिलं. मासा मात्र आणखी लाल दिसायला लागला.

शेवटी मी जेद्द्याच्या मल्याळी पुरवठादाराला फोन लावला. तो खो खो हसला. "अरे भाई, रंग नहीं है, शादी का जोडा है!"

त्याने सांगितलं ते असं. समुद्रात हा मासा कोळंबीच्या जातीचे बारीक जीव खातो आणि त्यांचा नारिंगी रंग याच्या मांसात साठतो. अंडी घालायला नदीत शिरला की खाणं बंद. अंगातली चरबी जाळत प्रवाहाविरुद्ध चढतो. तेव्हा मांसातला रंग सुटून कातडीत उतरतो, मादीच्या अंड्यांतही जातो. चंदेरी खवले कातडीत जिरतात, मग ती लाली उठून दिसते आणि जोडीदाराला भुरळ घालते. आमचे मासे नदीत वर चढल्यावर पकडलेले, म्हणून स्वस्त. खराब नाहीत, चवीला जरा फिके.

मी हे सगळं माझ्या मोडक्या अरबीत, हातवाऱ्यांसह सांगितलं.

"म्हणजे तो उपाशी राहतो?"

"हो."

"आणि उपाशी राहून उजळतो?"

"हो."

"रमजानात माझं असं कधीच होत नाही," तो गोंधळून म्हणाला.

तेवढ्यात मुदीर आला. मासा पाहून त्याच्या भुवया वर गेल्या. त्याने नव्या माणसाला काहीच विचारलं नाही, मला विचारलं. "तू सांग. माल चांगला की खराब?"

खराब म्हटलं असतं तर दुसरा सौदी मिळेपर्यंत काउंटर माझाच होता. अखी खाली बघत उभा होता. माझ्या डोक्यात नेमकं काय चाललं होतं ते मला आजही सांगता येत नाही. पण समोर प्रेक्षक असले की मला राहवत नाही. मी ट्रे उचलला आणि ओरडलो, "मुदीर, हा नवरदेव आहे!" वरातीची सगळी कथा सांगितली, मधल्या वेळात एक तुकडी मसाला लावून, रव्यात घोळवून तळलीसुद्धा.

मुदीरने ती खाल्ली. दुसरी मागितली. "फिका आहे, पण चांगला आहे. लाल का आहे ते पाटीवर लिहा." मग अखीला म्हणाला, "मबरूक, तू पक्का." आणि मला, "शनिवारपासून तू गोदामात. तिथे किती दिवस, ते बघू."

अखीने मला मिठी मारली, दोन्ही गालांचे मुके घेतले आणि मग तसाच थबकला. "उस्ताद, आता मी हसू की तुझी माफी मागू?"

मला काय माहीत!

संध्याकाळी त्याच्या घरून कबसाचं भलंमोठं ताट आलं, वाफाळता भात आणि त्यावर अख्खी बकऱ्याची तंगडी. बायको ताटाकडे बघतच राहिली.

"अहो, नोकरी त्याची लागली, काउंटर तुमचा गेला, आणि जेवण आपल्याकडे कसं?"

"कळलं की सांगतो," मी म्हणालो. "तू आधी वाढ."