वास यायचा बंद झाला ती दुपार

भीमरावमामा आज सकाळी गेले.

मी जिवंत आहे तो त्यांच्यामुळे. हे घरीसुद्धा कधी सांगितलं नाही.

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. कचेऱ्यांच्या पाट्या नव्या कोऱ्या, अन् नळ कोरडे.

मी कॉलेजात फिजिक्स शिकवायचो, सोबत पीएचडी करून राहिलो होतो. मामा आमचे लॅब अटेंडंट.

माझा विषय गॅलियम आर्सेनाइड. हा सेमीकंडक्टरचा तुकडा कापला की वरचे अणू उघडे पडतात, गर्दीत हात सुटलेल्या लेकरांसारखे. हवेतला ऑक्सिजन त्यांना गाठतो अन् डिव्हाइस बिघडतं. म्हणून त्याआधी गंधकानं त्यांचा हात धरायचा. यालाच पॅसिव्हेशन म्हणतात.

मला त्यात कविताच दिसायची.

त्या दुपारी लाईट नव्हती. एक्झॉस्ट फॅन बंद. मी स्पिरिटच्या दिव्यावर अमोनियम सल्फाइड, म्हणजे गंधकाचं द्रावण, तापत ठेवलं. सडक्या अंड्यांचा वास सुटला.

बाहेर दुष्काळाची धूळ. एक कण बसला तरी तुकडा वाया.

मी सगळ्या खिडक्या लावून घेतल्या.

मामा टँकरवर गेले होते. मी शाळेतली एक कविता गुणगुणत बसलो.

हळूहळू वास गेला. वाटलं, बरं झालं, हवा निवळली.

तेवढ्यात मामा दारातून ओरडले, "सर! भायेर या आधी!"

"काय झालं मामा? वास तर केव्हाच गेला."

"वास हाय तसाच हाय! तुमचं नाक मेलंय! उठा!"

उठायला गेलो. पाय उचलेचनात.

द्रावणातून निघणाऱ्या हायड्रोजन सल्फाइड वायूचं हेच कपट. फार झाला की आधी नाक बधिर करतो. हे मी पुस्तकात वाचलं होतं.

मामा सातवी पास.

त्यांनी मला फरफटत व्हरांड्यात आणलं. टँकरवरून आणलेली अख्खी घागर डोक्यावर ओतली.

शुद्ध आली तसा म्हणालो, "मामा, आत माझा तुकडा…" अन् उठू लागलो.

मामा उंबऱ्यात आडवे बसले.

"जाऊन दाखवा! लई शिकलेत म्हणं! तुकडा दुसरा येईल. घरी ताईचे दिवस भरलेत. त्यांना काय सांगू मी?"

नऊ दिवसांनी रेवा झाली.

रेवा, बाळा, तू हे वाचशील. तुझं तोंड बघायच्या आधीच तुझा बाबा जाणार होता. ज्यानं जाऊ दिलं नाही, त्या माणसाला आज शिरूर अनंतपाळला निरोप देऊन आलो.

मामा, शेवटचा जय भीम.