लशीचं वजन

आमच्या दुकानातल्या कॉम्प्युटरला दर महिन्याला लस टोचायला सांगलीला न्यावं लागायचं. हे वाक्य आज कुणाला ऐकवलं तर लोक माझ्याकडे जरा सांभाळूनच बघतात. पण नव्वदच्या दशकात उंब्रजला आमच्या घरी ते म्हशीला दवाखान्यात न्यायचंय इतक्या सहज बोललं जायचं, आणि त्यात काही चुकतंय असं माझ्याशिवाय कुणाला वाटतही नव्हतं.

अण्णा, म्हणजे माझे वडील, फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त होऊन आले तेव्हा भावकीनं त्यांना सांगितलं, आता ऊस बघा. त्यांनी ऊस भावांवर सोपवला आणि एसटी स्टँडासमोर गाळा घेऊन कॉम्प्युटर टाकला. लग्नपत्रिका, अर्ज, सोसायटीच्या सभेच्या नोटिसा, जे येईल ते. टायपिंग मी करायची, गिऱ्हाईक अण्णा सांभाळायचे आणि आमच्या दोघांची भांडणं आई सांभाळायची. तिची अण्णांकडे एकच मागणी होती. एकदा डॉक्टरला छाती दाखवा. माझे थोरले चुलते उसाला पाणी पाजता पाजता दम लागला म्हणून बांधावर टेकले ते उठलेच नाहीत, तेव्हापासून तिनं हा धोशा लावला होता. अण्णांचं उत्तर ठरलेलं असायचं. “मला काय झालंय? धडधाकट माणूस डॉक्टरकडं गेला की आजारीच होऊन येतोय.”

पहिला व्हायरस आमच्याकडे कुणाच्या तरी फ्लॉपीतून आला. मी एका पत्रिकेचा मजकूर टाइप करत होते आणि बघता बघता नवरदेवाचं आडनाव सुटं होऊन एकेक अक्षर पडद्याच्या तळाशी जाऊन पडलं. पाठोपाठ नवरीच्या मामांची अख्खी ओळ कोसळली. आईनं आधी मीठ-मोहऱ्यांनी कॉम्प्युटरची दृष्ट काढली आणि डब्याच्या कोपऱ्याला काजळाची तीट लावली. मग मी एसटीडी बूथवर जाऊन सांगलीला फोन केला.

ज्याच्याकडून कॉम्प्युटर घेतला होता तो सांगलीचा इंजिनिअर तरुण आणि हसरा होता. त्यानं यंत्र सांगलीला आणायला लावून साफ करून दिलं, अँटिव्हायरस घातला आणि बजावलं, की व्हायरस दर महिन्याला नवे निघतात, त्यांची नवी माहिती दर महिन्याला भरावी लागते. इंटरनेट हा शब्द तेव्हा आमच्याकडे फक्त पेपरात यायचा. त्यामुळे तो म्हणाला, “काका, मी फ्लॉपीवर भरून देत जाईन. ताई एसटीनं येऊन घेऊन जातील. दोन मिनिटांचं काम.”

अण्णांनी फ्लॉपी बोटांच्या चिमटीत धरली, उलटसुलट केली आणि टेबलावर ठेवली.

“रोग कशातनं आला म्हणालास?”

“फ्लॉपीतून.”

“आन औषध कशातनं जाणार?”

“फ्लॉपीतूनच, पण काका, ही...”

“चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या? आमी फौजेत भरती झालो तवा लस टोचायला रांगेत उभं केलं. प्रत्येक जवान सोता हजर. डॉक्टरनं सुया पोस्टानं गावाकडं न्हाई धाडल्या. मशीन हितं येईल.”

इंजिनिअरनं माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. अण्णांशी वाद घालणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, आणि घडा फौजेत जाऊन आलेला असला की फार चिवटही असतो.

तेव्हापासून दर महिन्याला आमची वारी सुरू झाली. पडदा आणि कीबोर्ड गाळ्यातच राहायचे. डबा तेवढा आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून अण्णांच्या मांडीवर. उंब्रजहून सांगलीची गाडी धरायची आणि इस्लामपूर, आष्टा करत जायचं. मी शेजारी बसून हातातलं मासिक वाचत असल्याचं सोंग करायची, म्हणजे हे गृहस्थ माझे कुणी नव्हेत असं लोकांना वाटावं. त्याचा उपयोग कधीच झाला नाही. कारण अण्णा दर पाच मिनिटांनी मोठ्यांदा विचारायचे, “पोरी, गचके लय बसत्यात, ह्याच्या डोक्याला काय हुणार न्हाई न्हवं?”

पहिल्याच खेपेला कंडक्टरनं विचारलं, “काय हाय वो बोचक्यात?”

“कॉम्प्युटर. व्हायरस झाल्ता. लस टोचायला निघालोय.”

हे ऐकून पुढच्या बाकावरच्या बाईनं आपलं लेकरू उचललं आणि ती ड्रायव्हरच्या मागं जाऊन बसली. कंडक्टर मात्र मिश्कील होता. त्यानं बोचक्याकडे वाकून बघितलं आणि म्हणाला, “पेशंटचं वय काय? बाराच्या आत असंल तर हाफ तिकीट फाडावं लागंल.” त्या मार्गावर बहुतेक तोच असायचा. मग तो आम्हाला बघून लांबूनच ओरडायचा, “आला का पेशंट?” आणि मागच्या दाराशी आमच्यासाठी जागा करून द्यायचा.

इंजिनिअरचं दुकान तिसऱ्या मजल्यावर होतं आणि इमारतीला लिफ्ट नव्हती. डबा मला उचलू देणं अण्णांना मान्य नव्हतं. सुरुवातीला ते एका दमात वर जायचे आणि वरून मला हाका मारायचे. काही महिन्यांनी ते दुसऱ्या मजल्यावर थांबायला लागले. तिथं एका दाताच्या डॉक्टरची आणि एका वकिलाची पाटी होती. अण्णा त्या दोन्ही पाट्या मन लावून वाचायचे. पुढं ते पहिल्या मजल्यावरही थांबायला लागले. तिथं वाचायला काहीच नव्हतं.

“पोरी,” एकदा कठड्याला टेकून ते म्हणाले, “हे जड व्हायला लागलंय.”

“काय?”

“मशीन. दर महिन्याला ह्यात नव्या नव्या व्हायरसांची नावं कोंबत्यात. किती झाली आसतील आतापतूर? जड हुणारच की.”

मी हसले. मग समजावलं. कॉम्प्युटरमध्ये भरलेल्या माहितीला वजन नसतं, हे मी त्यांना जिन्यात सांगितलं, एसटीत सांगितलं, जेवताना सांगितलं. अण्णा म्हणायचे, “कोऱ्या कागदावर शाई वतली तर कागूद जड व्हतोय का न्हाई? मग?” माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. त्यात त्या इंजिनिअरनं एकदा गंमत म्हणून मान डोलावली. “खरंय काका, हल्ली व्हायरस फारच वाढलेत.” झालं. अण्णांना साक्षीदार मिळाला. त्या दिवशी मी त्या माणसाचा चहा घेतला नाही.

आईला मात्र हसू येत नव्हतं. ती अण्णांच्या कपाळाकडे बघायची. सांगलीहून परत आले की ते घामानं भिजलेले असायचे, आणि दारात ती डब्यावरून भाकरीचा तुकडा ओवाळून टाकायची तेव्हा तिचा हात जरा लांबून, अण्णांवरूनही फिरायचा. “आवं, त्या डब्याला काय झालेलं नसताना दर म्हैन्याला नेताय,” ती म्हणायची, “मग तुमी एकदा गेला तर काय बिघडंल?”

“त्याला बाहेरचं वारं लागतंय. माझ्यात कोण फ्लॉपी घालतंय?”

यावर ती आत जायची. तिथून नुसती भांडी आपटल्याचा आवाज यायचा.

शेवटी एका सकाळी वजनावरून अण्णा आणि मी इतके हातघाईवर आलो, की अण्णांनी निकालच लावायचा ठरवला. गाळ्याशेजारी खतांचं दुकान होतं आणि तिथं पोती तोलायचा मोठा काटा होता. “सांगलीला जाताना तोलायचं, आल्यावर तोलायचं,” अण्णा म्हणाले. “वजन वाढलं तर तू पुन्यांदा मला शहाणपण शिकवायचं न्हाई.”

“आणि नाही वाढलं तर?”

“न्हाई वाढलं तर तू सांगशील ते.”

लुगडं सोडून डबा काट्यावर ठेवला. अण्णांनी आकडा दोनदा मोठ्यानं म्हटला, खतवाल्याला म्हणायला लावला, आणि आम्ही गाडी धरली. सांगलीला इंजिनिअरनं नेहमीप्रमाणे महिन्याची लस टोचली. ह्या खेपेला व्हायरस बरेच आहेत, असं तो म्हणाला तेव्हा अण्णांनी विजयी मुद्रेनं माझ्याकडे पाहिलं. येताना ते इतके खुशीत होते की कंडक्टरला त्यांनी पैजेची सगळी हकिगत सांगितली.

उंब्रजला उतरलो तेव्हा खताच्या दुकानासमोर चहावाला, दोन रिकामे हमाल आणि सोसायटीचे सेक्रेटरी वाट बघत उभे होते. ही बातमी कुणी पसरवली ते सांगायला नकोच, अण्णांनीच पसरवली होती. आईही पदर खोचून गाळ्याच्या दारात आली. डबा काट्यावर ठेवला. काटा हलला, डुलला आणि सकाळच्याच आकड्यावर येऊन थांबला.

अण्णांनी डबा उचलून पुन्हा ठेवला. आकडा तोच. खतवाल्यानं काटा रिकामा करून तपासून दाखवला. आकडा तोच. मंडळी हसली. “हात दाखवून अवलक्षण केलंसा की, हवालदार!” सेक्रेटरी म्हणाले. मीही हसणार होते. तोंड उघडलंही होतं.

पण अण्णा काट्याकडे बघत होते आणि त्यांचा एक हात डब्यावर तसाच राहिला होता. माणूस खोटं बोलेल, काटा बोलत नाही, हे त्यांचं आयुष्यभराचं मत. त्यांच्या कपाळावरचा घाम अजून वाळला नव्हता. मला एकदम तो पहिला मजला आठवला, जिथं वाचायला काहीच नव्हतं.

“म्हंजे,” ते हळूच म्हणाले, “ह्ये जड झालं नव्हतं.”

गर्दीतल्या कुणाला त्यात काही वेगळं ऐकू आलं नाही. आईला आलं. ती पायऱ्या उतरून खाली आली, चार लोकांत कधी धरत नसे तो अण्णांचा दंड तिनं धरला, आणि मला म्हणाली, “पैज तू जिकलीस न्हवं? मग सांग त्यांला काय करायचं ते.”

मी सांगितलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं सांगलीच्या गाडीत बसलो. आई खिडकीशी, मी कडेला आणि अण्णा मध्ये. मासिक मी घरीच ठेवलं होतं. अण्णांची मांडी रिकामी होती, तरी हात सवयीनं डबा धरल्यासारखेच ठेवलेले होते. कंडक्टर तोच होता. तो तिकिटाची पेटी वाजवत आला, आमच्याकडे बघितलं, बाकाखाली बघितलं.

“हे काय अण्णा? आज पेशंट न्हाई आणला?”

“आणलाय की,” अण्णा म्हणाले. “ह्या बारीला फुल तिकीट फाड.”