गाडीतळाची घंटा

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही – आणि तिच्यापासून माझी चोरून ओढलेली विडीही कधी लपली नाही. मग तुम्हाला का सांगतोय? माहीत नाही. सांगायला बसलोय एवढं खरं.

नव्वदच्या दशकात बारामती-इंदापूर पट्ट्यातल्या एका साखर कारखान्यात मी संगणक विभागात होतो. विभाग म्हणजे थंडगार खोली, दाराबाहेर काढलेल्या चपला, आणि आत मी. वय सव्वीस. पांढऱ्या केसांची माणसं मला साहेब म्हणायची, आणि मला ते आवडायचं – नाही कशाला म्हणू?

गाडीतळावर उसाच्या बैलगाड्या आल्या की त्यांना क्रमांक देण्याचं काम तात्यांकडे होतं. तात्या कळस गावचे. घरात एकेकाळी मेंढरं होती, त्यामुळे दोनशे गाड्यांत कुठली कुठं उभी आहे हे त्यांना मान न वळवता कळायचं. क्रमांक ते लाल वहीत लिहायचे आणि खडूनं गाडीच्या फळीवर. त्या क्रमांकानंच गाडी वजनकाट्यावर जायची. ऊस वाळतो, बैल उन्हात उभे असतात – तिथं आपला नंबर म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. पण तात्यांनी दिलेल्या क्रमांकावर भांडण झाल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

मग तिथं संगणक आला. वही मी बंद करवली. म्हटलं, तात्या, आता गाडीवानाचं नाव यंत्रात घातलं की पडद्यावर येईल तोच आकडा खडूनं लिहायचा. त्यांनी वही पिशवीत घातली आणि मान हलवली.

आता माझी करामत ऐका. माझ्या खोलीतला मोठा संगणक दर मिनिटाला गाडीतळाच्या संगणकाला विचारायचा – आहेस ना? उत्तर आलं नाही की घंटा वाजायची. मग मी उठायचं, चपला घालायच्या, उन्हातून तिथं जायचं, अडकलेल्या नोंदी आधी उतरवून घ्यायच्या आणि मग तो बंद करून चालू करायचा. दिवसातून आठ-दहा वेळा. धुळीचा, उष्णतेचा कंटाळा यायचा. म्हणून मी एक नियम लिहिला: उत्तर आलं नाही तर घंटा वाजवू नये, गाडीतळाचा संगणक आपोआप बंद करून चालू करावा. घंटा थांबली. माझ्या वरच्या साहेबांनी पाठ थोपटली.

त्यात एक गोम होती. उतरवून न घेतलेल्या नोंदी बंद-चालू होताना पुसल्या जायच्या, आणि एकदा दिलेला आकडा पडद्यावर पुन्हा यायचा. मला हे माहीत होतं का? – होतं. पाच-दहा मिनिटांच्या नोंदींनी काय बिघडतंय, असं वाटलं. एकदा तात्या चपला काढून दारात उभे राहिले. म्हणाले, "सायेब, आकडा मधीच माघारी जातोय जणू." मी पडद्यावरून नजर न काढता म्हटलं, "तात्या, यंत्र चुकत नसतं. तुम्ही नीट बघत जा."

फेब्रुवारीतल्या एका दुपारी गाडीतळावर आरडाओरडा झाला. दोन गाड्यांवर एकच आकडा. पहिली गाडी पिंपळीची, पहाटेपासून उभी. दुसरी तिच्या मागोमाग आलेली, कळसची – तात्यांच्या भावकीतली. पडद्यावर त्या आकड्यापुढे कळसवाल्याचंच नाव होतं आणि त्याची गाडी काट्यावर गेलीही होती. पिंपळीच्या गाडीवानाचं नाव कुठंच नव्हतं. त्याचा एक बैल तोंडाला फेस आणून खाली बसला होता. त्यानं तात्यांची गचांडी धरली. "आपल्या माणसाला पुढं काढतोस व्हय रं?" असं तो सगळ्यांदेखत ओरडला. त्याला तरी काय दोष द्यायचा?

चौकशी समिती बसली. संगणकाची नोंद आणा, असा मला निरोप आला. मी नोंद उघडली. संगणक जेव्हा जेव्हा आपोआप बंद-चालू झाला, ती प्रत्येक वेळ त्यात लिहिलेली असायची. त्या दोन गाड्या आल्याच्या वेळांच्या बरोबर मधली एक ओळ होती. एकच ओळ. ती तशीच छापून समितीपुढे ठेवली असती तर तात्या सुटले असते, आणि माझी शिफ्ट संपायच्या आत माझ्या हुशारीची सगळ्या कारखान्यात शोभा झाली असती. नोकरी गेली नसती हो. दोन दिवस लोक हसले असते, एवढंच.

मी ती ओळ पुसली. मग छापलं आणि समितीपुढे ठेवलं. "यंत्रात काही बिघाड नाही," असं म्हणालो. तात्यांजवळ दाखवायला काहीच नव्हतं. वही मीच बंद करवली होती. ते माझ्याकडे बघून म्हणाले, "सायेब म्हणत्यात म्हंजी तसंच असंल."

त्यांना गाडीतळावरून काढून रिकामी पोती मोजायला बसवलं. हंगाम संपल्यावर ते आलेच नाहीत. घंटेचा नियम मी त्याच आठवड्यात गुपचूप बदलला. घंटा पुन्हा वाजायला लागली, आणि मी प्रत्येक वेळी उठून जायला लागलो.

सहा-सात वर्षांनी डाळजच्या फाट्यावर एसटीची वाट बघत होतो. तात्यांनीच ओळखलं. चहा पाजला, मला पैसे काढू दिले नाहीत. पोराबाळांची चौकशी केली. मग कपातलं उरलेलं हलवत म्हणाले, "येक इचारू का सायेब? त्या दिशी माझी नजर कशी चुकली आसंल वो? आजून कळंना झालंय. घरातली बी म्हणत्यात, तुमीच केलं आसंल."

एसटी आली. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, गाडीत बसलो, खिडकीतून हातही हलवला.

गेल्या वर्षी तात्या वारल्याचं कळलं. त्यांची नजर चुकली नव्हती. आकडा दोनदा आला होता, आणि तसं लिहिलेली ओळ मी पुसली होती.