वसंताची पिकअप आणि काळू नदीचा उतार

जायचे ठरवले ते सुशीलेने. हे आरंभीच स्पष्ट केलेले बरे. कारण पुढे आमच्या नात्यातल्या अनेकांनी, वसंताने स्वतःच्या हट्टापायी बायको-मुलीला रानात नेले, असे म्हटले, आणि ते विधान वस्तुस्थितीला धरून नाही.

ही अनुदिनी वाचणारे तरुण हल्ली मला विचारतात की, मालवाहू गाडीत फेरफार करून कुटुंबासह आडवाटेला मुक्काम करता येईल का, गाडीत काय काय बसवावे आणि पहिल्या खेपेला कोठे जावे. मी असा प्रवास आयुष्यात एकदाच केला, ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर. त्या वेळी या प्रकाराला मराठीत नावही नव्हते. वसंता ‘कँपिंग’ म्हणे. मी ‘मुक्कामी सहल’ असा शब्द सुचवला होता. तो कोणीही वापरला नाही.

वसंता माझा धाकटा भाऊ. विक्रोळीच्या एका कारखान्यात तो पंधरा वर्षे फिटर होता आणि घाटकोपरला पत्नी सुशीला व आठ वर्षांची मुलगी मनू यांच्यासह एका खोलीत राहत असे. मी अविवाहित, मुलुंडला राहणारा, एका छापखान्यात मुद्रितशोधक. कारखान्यातून निघालेली एक जुनी पिकअप वसंताने विकत घेतली: जीपच्या साच्यावर बांधलेली, मागे उघडा हौदा असलेली, चारही चाकांना जोर देणारी. ओळखीच्या एका गॅरेजवाल्याच्या आवारात, द्रुतगती मार्गालगत, पाळी संपल्यावर तो रोज तिच्यापाशी जाई. ‘पिकअप’ हा शब्द मराठीत कोणत्या लिंगी चालवावा याविषयी मी साशंक होतो. वसंताने पहिल्या दिवसापासून ‘ती’ म्हटले, आणि मग तेच रूढ झाले.

सात महिन्यांत त्याने केलेली कामे, ज्यांना उपयोग होईल त्यांच्यासाठी, सांगतो. मागच्या स्प्रिंगांच्या पाट्यांत प्रत्येकी एक जादा पाटा घातला, त्यामुळे गाडी चार बोटे उंच झाली. टायर खोल खाचांचे बसवले. हौद्यावर लोखंडी नळ्यांचा सांगाडा उभा करून त्यावर जाड ताडपत्री ताणली. दोन्ही अंगांना लाकडी पेट्या. एका पेटीत स्टोव्ह व भांडी, दुसरीत अंथरुणे, आणि मधे फळ्या टाकल्या की चौघांना निजता येई. सांगाड्याच्या माथ्यावर नळ असलेली पाण्याची टाकी. पुढे दोर अडकवायला मजबूत आकडा. इंजिनाला हवा पुरवणारी नळी उंच घ्यायचे त्याच्या मनात होते, पण ते काम राहून गेले. टाकी माथ्यावर ठेवल्याने वजन वर गेले होते, हा दोष त्याला पुरता ठाऊक होता. सपाटीवर त्रास नव्हता. तीव्र उतारावर गाडी कलंडण्याचे भय होते.

वसंताला नोकरी सोडायची होती. शहरातल्या कुटुंबांना दोन-दोन दिवस रानात नेऊन आणायचे, स्वयंपाक-निजणे सगळे गाडीत, हा त्याचा बेत होता. कारखान्यातले सहकारी हसत. सुशीला हसली नाही. तिने माझ्या खोलीत, चहा घेता घेता, अट घातली की, परक्यांची मुले नेण्याआधी आपली मुलगी न्यायची, आणि आपण सुखरूप परतलो तर नोकरीचा राजीनामा देण्यास तिची ना नसेल. परतलो नाही नीट, तर गाडी विकायची आणि हा विषय पुन्हा घरात काढायचा नाही.

“भाऊजी साक्षीला,” ती म्हणाली. “आणि ते नुसते साक्षीला नकोत, गाडीतच बसू देत.”

दिवाळी झाल्यावरच्या शनिवारी पहाटे आम्ही निघालो. त्या वर्षी पाऊस लांबला होता. आभाळ अजून मळकट होते आणि थंडीचा पत्ता नव्हता. मुलुंडचा नाका ओलांडून ठाणे, मग कल्याण. तेथे पेट्रोल भरून घ्यावे, पुढे भरवसा नाही. कल्याण ते मुरबाड रस्ता डांबरी, परंतु पावसाने खाल्लेला. जादा पाट्यांमुळे आमचे हाल कमी झाले, एवढे श्रेय त्या कामाला दिले पाहिजे. मुरबाडला एसटी स्थानकासमोर उसळ-पाव घेतला. पाव कालचा होता. मनूने पाटीवरचे ‘गरम चाहा’ मोठ्याने वाचले आणि माझ्याकडे पाहिले. मी काही बोलण्याआधीच सुशीला म्हणाली, “भाऊजी, खाताना तरी शुद्धलेखन बाजूला ठेवा. त्याचा चहा तुमच्या चहापेक्षा चांगलाय.” ते खरे होते.

मुरबाडच्या पुढे डोंगर समोर येतात. त्या दिवशी ते अर्धेच दिसत होते. माथे ढगांत होते. वसंताच्या एका सहकाऱ्याने सांगितलेली जागा म्हणजे काळू नदीपलीकडची एक आमराई. उन्हाळ्यात तो तेथे बैलगाडीने गेला होता आणि गाडीवाट थेट आमराईत जाते, असे त्याने छातीठोकपणे सांगितले होते. डांबरी रस्ता सोडून आम्ही त्या वाटेला लागलो. दोन्हीकडे कापलेल्या भाताचे खुंट, बांधावर पेंढ्या, चिखल अर्धवट सुकलेला. वसंताने छोटा गिअर टाकला आणि पिकअप त्या चिखलातून अशी गेली की, तो स्वतःशीच गुणगुणू लागला. सुशीलेने मला हळूच सांगितले की, लग्नानंतर पहिल्या वर्षी तो असा गुणगुणत असे.

वाट एका टेपाडावर चढून पलीकडे दिसेनाशी होत होती. वसंताने गाडी थांबवली.

“दादा, जरा पुढं जाऊन विचार ना. उतार आहे का ते. टाकी भरलेली आहे, वाट एकदम खाली जात असेल तर आधी पाणी सोडून देतो.”

टेपाडाच्या कडेला खळ्यावर एक म्हातारा भात झोडत होता. मी त्याला नमस्कार केला आणि विचारले, “बाबा, पुढे उतार आहे का?”

त्याने पेंढी खाली ठेवली. माझ्याकडे, मग गाडीकडे पाहिले. “उतार नाय,” तो म्हणाला. “उतार वरल्या आंगाला, वडाखाली.”

मी आभार मानले आणि परतलो. त्याच्या ‘नाय’कडे आणि ‘आंगाला’कडे माझे लक्ष गेले, अर्थाकडे गेले नाही. उतार वरच्या बाजूला आहे, आपल्या वाटेवर नाही, असे मी समजलो आणि वसंताला तसेच सांगितले.

टेपाड ओलांडल्यावर वाट खरोखरच सौम्यपणे खाली गेली आणि नदीत शिरली. पलीकडच्या काठावर तीच वाट पुन्हा बाहेर पडलेली दिसत होती, आणि तिच्या टोकाला आमराई. पाणी रुंद, संथ, मातकट. वसंता खाली उतरला, काठाशी उभा राहिला, एक दगड पाण्यात टाकून पाहिला.

“म्हातारा पाण्याचं काय बोलला?”

“पाण्याविषयी अवाक्षरही काढले नाही,” मी म्हणालो. “उतार नाही, एवढेच म्हणाला.”

“नक्की?”

“वसंता, मला मराठी कळते.”

तो परत गाडी चालवायला बसला. सुशीलेने मनूला मांडीवर घेतले. निम्म्यापर्यंत पाणी चाकांच्या मध्यावर होते आणि गाडी न अडखळता जात होती. मग पुढची चाके एकाएकी खाली गेली. पाणी बॉनेटवरून काचेपर्यंत आले, इंजिनाने एक कोरडा, ठोकल्यासारखा आवाज केला आणि ते बंद पडले. नंतरच्या शांततेत मनू म्हणाली की, तिच्या चपला वाहत चालल्या आहेत. सुशीलेने खिडकीतून बाहेर पडून तिला खांद्यावर घेतले आणि छातीभर पाण्यातून ती पलीकडच्या काठाकडे गेली, कारण तो जवळ होता. वसंता तिच्या मागे, हात पुढे धरून, ती काठाला लागेपर्यंत. मी दरवाजा धरून उभा होतो. मला पोहता येत नाही.

वसंता माझ्यासाठी परत आला आणि, गाडीच्या मागे पाणी कमी होते म्हणून, त्याने मला अलीकडच्या काठावर आणले. म्हातारा तेथे धापा टाकत पोचला होता. तो वसंताशी बोलला नाही, माझ्याशी बोलला.

“म्या सांगला ना, उतार नाय म्हनून? नदीला उतार नाय तं गाडी कशी घातलीस? वडाखाली हाये, सांगला ना?”

मला कळले. नदी जेथे पायी किंवा गाडीने ओलांडता येते त्या उथळ जागेला मराठीत ‘उतार’ म्हणतात. ‘नदीला उतार आहे’, ‘नदीला उतार नाही’, हे प्रयोग जुने, शुद्ध आणि सर्वमान्य आहेत. म्हाताऱ्याने अचूक मराठीत अचूक उत्तर दिले होते. आमच्या चाळींत आणि कचेऱ्यांत नद्या नसल्यामुळे तो शब्द आमच्याकडे उतरणीच्या एकाच अर्थाने उरला आहे, इतकेच.

वसंताने ते सगळे ऐकले. त्याच्या केसांतून पाणी निथळत होते. त्याने माझ्याकडे पाहिले, आणि मग नदीतल्या गाडीकडे.

म्हातारा पलीकडच्या काठाकडे पाहून ओरडत हातवारे करू लागला, तेव्हा सुशीला मनूला घेऊन वरच्या बाजूला चालत गेली आणि वडाखालून आमच्याकडे आली. तेथे पाणी तिच्या घोट्यापर्यंत होते. तिने साडीचा पदर पिळला आणि वसंताला विचारले की, त्या बाबांनी आधी काही सांगितले नव्हते का.

“माझा अंदाज चुकला,” वसंता म्हणाला.

मी तेथेच उभा होतो, तिच्यापासून दोन हातांवर. म्हातारा बैलांची व्यवस्था करायला वळला होता. मी काही बोललो नाही.

गावाने दोन बैलजोड्या दिल्या. वसंताने बसवलेला आकडा तुटला नाही, सांगाडा वाकला नाही, पेट्यांचे सांधे उकलले नाहीत. अंथरुणे मात्र भिजली आणि स्टोव्ह गाळाने भरला. म्हाताऱ्याच्या घरी तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी मिळाली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने पैसे घेण्यास नकार दिला आणि मनूच्या हातात दोन पेरू ठेवले. आम्ही तिघे एसटीने परतलो. वसंता मागे राहिला आणि पेंढा वाहणाऱ्या एका ट्रकला गाडी बांधून सोमवारी विक्रोळीला पोचला. इंजिन उघडल्यावर आतला दांडा वाकलेला निघाला. दुरुस्ती शक्य होती, आणि त्याने ती पुढे केलीही.

सुशीला त्याला एका शब्दाने बोलली नाही. तिने फक्त अटीची आठवण करून दिली, आणि तीही माझ्यासमोर, कारण साक्षीदार मी होतो. मनू त्यानंतर काही महिने पाण्याची बादली भरताना नळापासून दूर उभी राहत असे. वसंता कारखान्यात परत गेला आणि निवृत्तीपर्यंत तेथेच राहिला. मी पुष्कळदा विचार केला की, मी खरे सांगितले असते तर सुशीलेने त्याला दुसरी संधी दिली असती का. माझ्या मते, दिली असती. ती न्यायाने वागणारी बाई आहे. चालवणाऱ्याचा अंदाज चुकणे आणि निरोप्याने निरोप चुकीचा आणणे, यांतला भेद तिला कळला असता.

ज्यांना असा प्रवास करायचा आहे त्यांना माझे सांगणे एवढेच: पाटे, टायर, टाकी यांची माहिती तुम्हांला माझ्यापेक्षा अधिक असेल, हवेची नळी मात्र उंच घ्या, आणि वजन खाली ठेवा. स्थानिक माणसाला विचारताना एका शब्दाच्या उत्तरावर थांबू नका. ‘म्हणजे काय, बाबा?’ असे विचारा. त्या दिवशी हे तीन शब्द उच्चारण्याइतका नम्रपणा माझ्या अंगी नव्हता.

वसंता गेल्या वर्षी गेला. सुशीला अजून घाटकोपरला असते. तिची दृष्टी अधू झाली आहे आणि मनू तिला ही अनुदिनी वाचून दाखवते. म्हणजे आता हे तिलाही कळेल. त्याच्या हयातीत मी हे लिहावयास हवे होते.

त्या प्रवासानंतर दीड महिन्याने तो माझ्याकडे मुलुंडला आला होता. वर्तमानपत्रात द्यायच्या जाहिरातीचा मजकूर त्याने वहीच्या कागदावर लिहून आणला होता, आणि छापायला देण्याआधी मी तो तपासावा अशी त्याची इच्छा होती. मजकूर असा: ‘पिकअप विकणे आहे. टायर, पाटे नवीन. हौद्यात चौघांची निजण्याची सोय. गाडी एकदा नदीत बंद पडली होती. दोष गाडीचा नाही, चालवणाऱ्याचा.’

मी पेन्सिल घेतली. ‘विकणे आहे’ हा प्रयोग मला खटकतो, परंतु जाहिरातींत तो रूढ आहे. ऱ्हस्व-दीर्घ बरोबर होते. विरामचिन्हे जागच्या जागी होती. शेवटच्या वाक्यापाशी मी बराच वेळ थांबलो. वसंता समोर बसून माझ्या हाताकडे पाहत होता.

“काही चुकलंय का, दादा?”

“नाही,” मी म्हणालो, आणि कागद त्याला परत दिला.